सोळा रंगांचं तळं

नाही, मी म्हणतो, माणसाच्या नावापुढं डॉक्टर असावा, नावामागं चार डिग्र्या असाव्या, आन् त्याले निळं कोणतं न् हिरवं कोणतं ते समजू नये, तर त्या डिग्र्या काय मे महिन्यात वारा घ्यायले वापराच्या? तुम्हाले सांगतो, नागपूरले गांधीबागेत, आमच्या कापडाच्या लायनीत कांताबाई झाडू मारते, शाळेची पायरी चढली नाही, पण तिले विचारा, 'कांताबाई, हा रंग रामा का मोरपंखी?'... झाडू न थांबवता सांगते, 'रामा होय जी.' आन् हे साहेब, थंड हवेच्या खोलीत बसून, पडदे लावून, म्हणते काय, तर 'संगणकाला जो रंग योग्य वाटला तोच योग्य रंग.' अरे वा. उद्या संगणकाले वाटलं का तुम्ही म्हैस आहे, तर सकाळी चहाच्या जागी सरकीची ढेप खाल काय तुम्ही?

थांबा, मी थोडा गरम होतो, पाणी पेतो. माझं नाव रुपराव. फॉल, अस्तर, बटन, लेस, असं माझं दुकान. पण हे गाऱ्हाणं माझं नाही, बाजूच्या दुकानाचं आहे, मधुकररावचं. तो स्वतः सांगत नाही. तो बोलतच नाही आजकाल, म्हणून मले बोलाव लागते.

मधुकररावचं मॅचिंग सेंटर. म्हणजे बाई साडी घेऊन येते, हा तिले ब्लाऊजपीस जुळवून देते. त्याचे वडील धोंडबा, मिलच्या रंगखात्यात होते, तीस वर्षं कोपरापर्यंत हात निळे. छप्पन साली सगळे पांढरे कपडे घालून दीक्षेले गेले, तसे धोंडबाबी गेले, अंगावर धुतलेलं पांढरंशुभ्र, आन् हात निळे ते निळेच. मधुकरराव तेव्हा सोळा वर्षाचा, बापाच्या मागं मागं चालत होता. त्याले त्या दिवसाचं सगळ्यात पहिले काय आठवते विचाराल, तर पांढऱ्यावर तो निळा. असा माणूस. रंगाच्या बाबतीत त्याच्याशी मस्करी चालत नाही.

दुकानात गादीच्या वर पाटी आहे त्याच्या, स्वतःच्या हातानं रंगवलेली: 'चालते म्हणू नये. जुळलं का नाही तेवढं सांगावं.' बाई घाईत असते, पोरगं खांद्यावर रडून राहिलं असते, ती म्हणते, 'द्या भाऊ, चालते.' झालं. हा कैची खाली ठेवते. 'चालते नाही ताई. उन्हात चला.' आन् साडी, पीस, बाई, पोरगं, सगळे रस्त्यावर. सायकलरिक्षावाले घंट्या वाजवून राहिले, हातठेला अडकला, आन् हा मधात उभा, दोन कापडं आभाळाकडं धरून, 'पाहा ताई, दुकानात एक दिसत होतं का नाही? उन्हात बहिणी बहिणी निघाल्या, जुळ्या नाही निघाल्या.' अर्धं गिऱ्हाईक पळून जाते अशानं. पण जे राहते ते तीन पिढ्या राहते.

आता याची पोरगी प्रेमिला. एम.एस्सी. खानदानात पहिली. आकाशातून जमिनीचे फोटो येतात नं, ते फोटो तपासणारं एक ऑफिस आहे, तिथं लागली. ऑफिसचं नाव सांगत नाही, आन् ज्या तळ्याची गोष्ट आहे त्या तळ्याचंबी सांगत नाही. दोघाचीबी इज्जत आहे, तळ्याची जास्त. तर लागली, पण कशी? एकोणनव्वद दिवसाच्या ऑर्डरवर. नव्वदावा दिवस भरला तर माणूस परमनंट मागन, म्हणून एकोणनव्वद झाले का त्याले घरी पाठवाचं, दोन दिवस भाकरी थापू द्याच्या, आन् मग नवीन ऑर्डर. अशा अकरा ऑर्डरी झाल्या होत्या पोरीच्या. बारावी चालू होती. आन् तिच्या साहेबानं, डॉक्टर गिरिधरनं... हा सुईचा डॉक्टर नाही बरं, कागदाचा डॉक्टर... त्यानं सांगून ठेवलं होतं, 'मिस प्रेमिला, दिल्लीहून समिती येते आहे. तुमचं हलतं चित्र त्यांना पसंत पडलं, तर योजना कायम आणि तुम्हीही कायम. नाही पडलं, तर तेरावी ऑर्डर निघणार नाही.' हे मागच्याच सालचं, अठ्ठ्याऐंशीचं.

हलतं चित्र म्हणजे काय, तर गावाबाहेरचं ते तळं. त्याच्या काठावर वस्ती आहे, मधुकररावची बहीण इंदूबाई तिथंच दिली आहे. तळ्यात एक नाला येऊन पडते. इंदूबाई दर रविवारी येऊन सांगे, 'दादा, पाण्याले वास येऊन राहिला गा.' तिनं वॉर्डात सांगतलं, तिनं पार मोठ्या ऑफिसात सांगतलं, 'बाई, अर्ज द्या' म्हणून सगळ्यांनी परत पाठवलं. पण आता फोटो होते. बारा महिन्याचे बारा. त्यात चांगलं पाणी वेगळं दिसे, घाण पाणी वेगळं दिसे. प्रेमिलाले कराचं होतं एवढंच, का हे बारा फोटो संगणकात घालाचे आन् एकामागं एक सोडाचे, म्हणजे बारा सेकंदात वर्ष सरते, आन् नाल्यातून घाण कशी पसरते ते शेंबड्या पोरालेबी दिसते. सोपं काम. पण त्या मशीनीत रंग किती? रंग सोळाच.

सोळा! तुम्हाले सांगतो, मधुकररावच्या दुकानात नुसत्या लालाचे सोळा नसले तर गिऱ्हाईक तोंड वाकडं करते. मिरची लाल, कुंकू लाल, डाळिंबी, विटकरी, टमाटा, राणी... मी बटनवाला माणूस, मलेबी दहा येतात. आन् हे विज्ञान. आकाशात कॅमेरा पाठवते, तो कॅमेरा हजार रंग पाहून येते, आन् खाली मशीन म्हणते, मी एका वेळी सोळाच दाखवीन. म्हणजे लग्नात पाचशे पाहुणे बोलवा आन् सोळा पत्रावळी मांडा.

तर एक दिवस दुपारी चारच्या सुमारास प्रेमिला घरी न जाता सीधी दुकानात आली आन् स्टुलावर बसली. चेहरा पार उतरलेला. मधुकररावनं हातातलं कापडाचं थान बाजूले ठेवलं. 'काय झालं वं?'

'बाबा, तळं फिरून राहिलं.'

आता बापानं काय समजाव? पण पोरगी हुशार, तिनं ब्लाऊजपीस मांडून समजावलं. मशीनीत सोळा खण आहेत, एका खणात एक रंग. पेटीत चौसष्ट रंग आहेत, पण मांडता येतात सोळाच. जानेवारीच्या फोटोले कोणते सोळा चांगले ते मशीन आपल्या मनानं निवडते आन् खण भरते. फेब्रुवारी आला का ते काढून फेकते, आन् नवीन सोळा भरते. दर महिन्याले असंच. म्हणजे पाचव्या खणात जानेवारीत निळा, मार्चमध्ये हिरवा, मेमध्ये मातकट. तळं तिथंच आहे, पण रंग बदलून बदलून असं वाटते का तळं उठून चाललं. 'साहेबाले सांगतलं मी,' म्हणे. 'साहेब म्हणतात, मशीननं निवडलं तेच बरोबर. सोमवारी कमिटी आहे, बाबा.'

मधुकररावनं ते मांडलेले तुकडे गोळा करून थैलीत भरले. मग म्हणते, 'रुपराव, उद्या स्कूटर काढ.'

शनिवारी आम्ही दोघं त्या ऑफिसात. मी, मधुकरराव, आन् त्याच्याजवळ थैलीभर कापडाचे तुकडे. पहिले तर दारातच अडवलं, 'चपला काढा.' देवळासारखं. मशीनीले धूळ चालत नाही म्हणे. आत अंधार, गारठा, आन् कोपऱ्यात ते यंत्र, त्याच्यावर हळदकुंकू वाहिलेलं. साहेब आला. चश्मा, टाय, आन् चेहरा असा का आम्ही उसने मागायले आलो. 'हे कोण?' 'माझे वडील आहेत, सर. रंगाचं काम करतात.' साहेबाले वाटलं पेंटर असन. म्हणते, 'भिंती नंतर.'

प्रेमिलानं चित्र चालवलं. अहो, काय सांगू. जानेवारीत तळं तळ्याच्या जागी. फेब्रुवारीत आजूबाजूचा गहू निळा झाला. मार्चमध्ये तळं हिरवं आन् सडक निळी. एप्रिलमध्ये विमानतळ बुडालं. मेमध्ये सीताबर्डीच्या टेकडीवर, किल्ल्यात पाणी... मेमध्ये! इकडं आमच्या नळाले थेंब नाही, बाया घागरी घेऊन भांडून राहिल्या, आन् यांच्या मशीनीत किल्ल्यावर तलाव भरला. आन् भर पावसाळ्यात, ऑगस्टमध्ये, तळं गायब. मले हसू येऊन राहिलं, पण साहेब छाती काढून उभा. 'दिस इज ऑप्टिमम,' म्हणते. 'मानवी डोळा फसतो. संगणक फसत नाही.'

मधुकरराव म्हणते, 'साहेब, हे उन्हात काढा.'

'काय?'

'उन्हात. इथं अंधारात कोणताबी रंग खपते.'

साहेबाचा चेहरा पाहाले पाहिजे होता. मशीन उन्हात? पण मधुकररावनं तोवर पडदा सरकवलाबी होता. ऊन सीधं काचेवर. आन् पाहतो तर काय, काहीच दिसत नाही. काळी काच, आन् त्यात आम्हा चौघाचे चेहरे. मधुकररावनं पडदा पुन्हा लावला आन् माझ्याकडं वळून हळूच म्हणते, 'पंचवीस वर्षांत असं कापड पहिल्यांदा पाहिलं बे, जे उन्हात दिसतच नाही.'

पण माणूस हटला नाही. त्यानं चित्र पुन्हा चालवाले लावलं. तीनदा पाहिलं, चारदा पाहिलं, डोळे बारीक करून. आन् मग साहेबाले म्हणते, अगदी जसं बाईले सांगते तसं, 'साहेब, लॉट बदलला.'

आता आमच्या धंद्यात हे पोट्ट्यालेबी माहीत. एकच नंबरचा लाल, दिवाळीले रंगवला आन् होळीले रंगवला, तर दोन वेगळे लाल होतात. पाणी बदलते, हवामान बदलते, भांडं बदलते. म्हणून एका घरच्या पाच सुनांचे ब्लाऊज कापाचे असले, तर पाचही एकाच थानातून कापाचे. आज दोन कापले, उद्या तीन कापू, असं म्हटलं का लग्नाच्या फोटोत पाच सुना पाच घरच्या दिसतात. मधुकरराव म्हणते, 'तुम्ही बारा महिन्याले बारा लॉट वापरून राहिले. बाराही फोटो एका जागी मांडा, सगळ्यांचं मिळून एकदाच काय लागते ते पाहा, सोळा थानं काढा, आन् त्याच सोळातून बाराही कापा. कोणाले थोडं कमी जुळन, कोणाले जास्त. पण तळं फिरणार नाही.'

प्रेमिलानं बापाकडं असं पाहिलं... मले सांगता येत नाही कसं. तीन वर्षं ती घरी पुस्तकं आणून वाचे, आन् हा तिच्या पुस्तकाकडं दुरूनच पाहे, हात पुसूनच हात लावे. आन् आता ते पुस्तकातलं अडलेलं गाडं याच्या थानापाशी येऊन सुटलं होतं. बापलेकीचा चेहरा एकदम सारखा झाला. साहेब म्हणते, 'विज्ञानात कापडदुकानाची पद्धत?' पण सोमवार दोन दिवसावर, आन् किल्ल्यावरचं तळं त्यालेबी दिसून राहिलं होतं. म्हणते, 'ठीक आहे. प्रयोग म्हणून करा.'

आता सोळा निवडाचे. आन् इथं साहेबाची अक्कल पाहा. बसल्या बसल्या म्हणते, 'माझ्या नावाला सोनेरी हवा. नावाच्या सावलीला करडा. भोवती मरून रंगाची चौकट. आणि ऑफिसच्या चिन्हाला जांभळा आणि केशरी.' पाच गेले. तळं राहिलं एकीकडं, नाला राहिला एकीकडं, नावाच्या पट्टीतच पाच गेले. रंग सोळाच, त्यातले पाच साहेबाच्या बारशाले.

अकरा राहिले. मधुकररावनं थैलीतले तुकडे टेबलावर मांडले आन् बापलेकीनं सगळा रविवार घासाघीस केली. ढगाले पांढरा. सडकेले काळा. खोल पाण्याले, उथळ पाण्याले, काठाच्या पाण्याले, असे तीन निळे. जंगल, पिकं, गवत, तीन हिरवे. मातीचे दोन, घराचा एक. झाले अकरा. आन् घाण पाण्याले? ज्याच्यासाठी हा सगळा तमाशा, त्याले रंगच नाही. प्रेमिला म्हणते, 'बाबा, काठाचा निळा काढू.' 'काढला तर इंदूचं घर पाण्यात जाईन.' 'मातीचा एक काढू.' 'काढला तर वावरात रस्ता होईन.' रंग सोळाच. कुठून आणाचा सतरावा?

मग मधुकररावलेच सुचलं. चौदाव्या खणात साहेबाच्या नावाचा सोनेरी होता. नाव येणार होतं सुरुवातीले, पाटीसारखं, आन् निघून जाणार होतं. मग पुढं तो खण रिकामाच नं? त्यातच घाण पाणी भरू. आन् हा एकच खण असा ठेवू, का तो महिन्या-महिन्याले गडद होत जाईन. जानेवारीत पिवळा, मार्चमध्ये मोहरीसारखा, मेमध्ये नालीसारखा काळपट. बाकीचे पंधरा जागचे हलणार नाही. चालवून पाहिलं. तुम्हाले सांगतो, मी बटनवाला माणूस, पण माझ्या अंगावर काटा आला. तळं जागच्या जागी, शांत, निळं. आन् नाल्याच्या तोंडातून ते पिवळं निघते, सरकते, गडद होते, वस्तीच्या काठाले लागते, इंदूबाईच्या घराखाली येऊन थांबते. बारा सेकंदात. इंदूबाई चार वर्षं जे ओरडून राहिली होती ते बारा सेकंदात.

मधुकररावनं थैलीचं तोंड बांधलं. फक्त म्हणाला, 'जुळलं.' त्याच्या तोंडून हा शब्द मी वर्षातून दोनदा ऐकत असन.

सोमवार. कमिटी आली. तीन माणसं आन् एक बाई, दिल्लीच्या, सुती साडी, पिकलेले केस, कोणाकडं पाहून हसत नाही. खिडक्या झाकाले काळं कापड पाहिजे होतं, ते मधुकररावच्याच दुकानातून आलं होतं, म्हणून आम्ही दोघं हजर. खिळे ठोकले का भिंत खराब होते म्हणे, तर आम्ही दोघं दोन खिडक्यांत कापड धरून उभे. नागपूरचे दोन प्रतिष्ठित व्यापारी, पडदा म्हणून.

आन् सकाळी, आम्ही पोचाच्या आधी, साहेबाच्या डोक्यात काय आलं माहीत आहे? त्याले वाटलं, नाव सुरुवातीले येते आन् जाते, कमिटीच्या ध्यानात राहणार नाही. त्यानं स्वतःच्या हातानं बदल केला. नारळ फोडला आन् बदल केला. प्रेमिलाले सांगतलंबी नाही. नाव खाली पट्टीवर कायम. जानेवारी ते डिसेंबर. घाण पाण्याच्याच खणातला सोनेरी, आन् पुरे बारा महिने.

अंधार केला. जानेवारी. निळं तळं, खाली सोनेरी अक्षरात 'डॉ. गिरिधर', चमकून राहिलं. साहेब मिशीत हसला. फेब्रुवारी. नाल्याच्या तोंडाशी पिवळट, आन् नाव थोडं पिवळट. कोणाच्या ध्यानात आलं नाही. मार्च. घाण मोहरीसारखी, नाव मोहरीसारखं. मी मधुकररावकडं पाहिलं, तो कापडाआडून मान काढून पट्टीवरचं नाव पाहून राहिला होता. एप्रिल. कमिटीवाले खुर्चीत पुढं सरकले. मे. तळ्यात वस्तीपर्यंत काळपट घाण, आन् खाली, मोठ्या अक्षरात, त्याच घाणीच्या रंगात, 'डॉ. गिरिधर'. जशी घाण वाढते तसं नाव मळते.

दिल्लीच्या बाईनं विचारलं, 'ये नाम मैला क्यों हो रहा है?'

साहेब म्हणते, 'मॅडम, ये... ऑप्टिमम...' आन् मग त्याचं बोट उठलं. सीधं प्रेमिलाकडं. 'ये टेंपररी लडकी है, मॅडम. इसकी गलती है. इसको निकाल रहे हैं.'

बारावी ऑर्डर हातात, पोरगी पांढरी पडलेली. आन् मधुकररावनं कापड सोडलं. धाडकन ऊन आत. सगळे डोळे चोळत वळले, तर खिडकीत हा उभा, मागं सूर्य, आन् हा त्याच आवाजात बोलला ज्या आवाजात दुकानात बोलते, ना कमी ना जास्त:

'बाईसाहेब, गलती नाही. साहेबाचं नाव आन् नालीचं पाणी, दोन्ही एकाच थानातून कापलेलं आहे.'

खरं सांगतो, त्याच्या मनात काही नव्हतं. तो धंद्याचं सांगून राहिला होता. चौदावा खण, एक थान, दोन कामं, बस. पण त्या खोलीत जे झालं ते झालं. कमिटीतला एक माणूस रुमाल तोंडाले लावून बाहेर गेला. चपराशी भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. मीबी कापड सोडलं, कारण हसताना कापड धरता येत नाही. बाई हसल्या नाही. त्या उठल्या, मधुकररावपाशी आल्या, त्याच्याकडून सगळं समजून घेतलं, खण, लॉट, थान. मग प्रेमिलाले म्हणाल्या, 'बेटी, बीस साल से फिल्में देख रही हूँ. पहली बार मैल दिखा.' आन् कागदावर लिहिलं. योजना कायम, पद कायम, पोरगी कायम, नावानिशी. साहेबाले खोडता येईना असं लिहिलं.

आता तुम्ही म्हणाल, रुपराव, मग एवढी कुरकुर कशाची? सगळं चांगलंच झालं का नाही. मलेबी तसंच वाटलं होतं. मधुकररावनं लायनीत पेढे वाटले, इंदूबाईनं घरून भाजीभाकरी आणली, धोंडबाच्या फोटोले हार घातला. तीन महिन्यांनी परमनंटची ऑर्डर आली. आन् ऑर्डरीच्या मागं टाचून एक परिपत्रक आलं. टाइप केलेलं, शिक्का मारलेलं. साहेबाचं.

'यापुढे कोणत्याही चित्रात चौदाव्या क्रमांकाचा रंग अधिकाऱ्यांच्या नावासाठी राखीव राहील. सदर रंग अन्य कोणत्याही घटकासाठी वापरू नये.'

झालं. हिशेब करा तुम्हीच. रंग सोळाच होते, आता पंधरा. त्यातले चार पुन्हा साहेबाच्या चौकटीले. अकराच्या अकरा आधीच वाटलेले. मग घाण पाणी कुठं गेलं? मशीनीत ज्याले स्वतःचा खण नाही ते सगळ्यात जवळच्या रंगात जाते. आन् घाण पाण्याच्या सगळ्यात जवळचं काय? पाणीच. निळं. बाराही महिने निळंशार तळं, खाली सोनेरी नाव. दिल्लीले तेच गेलं. पेपरात तेच छापून आलं, का अमुक तळं स्वच्छ. इंदूबाईले कोणीतरी पेपर वाचून दाखवला. ती म्हणते, 'मंग वास काहून येते?' वासाले कोणता खण आहे, सांगा.

आन् ते निळं कोणी भरलं? प्रेमिलानं. स्वतःच्या हातानं. मधुकररावनं विचारलं होतं तिले, माझ्यासमोर, 'काहून वं? तू काही बोलली नाही?' ती म्हणते, 'वरून आलं बाबा. रंग उरला नाही.' आन् मग थोडं थांबून म्हणते, 'आत्ताच परमनंट झाली मी.' अकरा ऑर्डरी बापानंच मोजल्या होत्या, दर एकोणनव्वदाव्या दिवशी दुकान लवकर बंद करून पोरीसाठी घरी जात होता. मले वाईट वाटलं, खरं सांगतो. साहेबाचा राग येते, तो येतेच. पण पोरीवर रागावता येत नाही, आन् त्याचाच राग जास्त येते.

मागच्या रविवारी ती दुकानात आली. आता परमनंट, ओळखपत्राचा फोटो काढाचा होता, त्यासाठी नवी साडी घेतली होती, बॉटल ग्रीन. तिनं गठ्ठ्यातला वरचाच हिरवा पीस उचलला. मी बटनवाला माणूस, मलेबी दुरून दिसलं का हा तो हिरवा नाही. मधुकरराव म्हणते, 'जुळत नाही वं. उन्हात पाह एकदा.'

ती घड्याळाकडं पाहत म्हणते, 'चालते बाबा. फोटो काळापांढरा आहे.'

त्या दुकानात, त्या पाटीखाली, त्या घरच्या माणसानं हा शब्द पहिल्यांदा काढला. मले वाटलं आता हा कैची खाली ठेवते. आता हा उठते, साडी घेते, पोरीले रस्त्यावर नेते, रिक्षा थांबवते. मी तर माझं स्टूल बाहेर काढून बसलोबी, तमाशा पाहाले. पण नाही. त्यानं पीस पसरला, मापला, कैची चालवली, घडी केली, कागदात बांधून तिच्या हातात देला. ती गेली. मी उठून त्याच्या दुकानात गेलो, म्हटलं, 'मधुकरराव, जुळलं नाही गा ते.'

त्यानं पाटीकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं, आन् कैची खुंटीले अडकवत म्हणाला, 'चालते.'